पुढचं उजवं चाक

३ फेब्रु. ८२, बुध.
लसीकरणाचा वार. शेवा, न्हावा करून परत. जीपच्या पुढून, उजव्या बाजूने घूं घूं आवाज. रिकामं जातं फिरवावं तसा. ड्रायव्हर नामदेवदादांना विचारलं. म्हणाले, "बाय, चार दिस जाले. तुमाला आज ऐकू आला." चार दिवस मी त्याच गाडीत होते, पण डोस आणि बर्फ सांभाळत.
लॉगबुकात तक्रार लिहिली. दोन पानं मागे डिसेंबरची नोंद दिसली: 'पुढील दोन्ही चाकांची बेअरिंग व सील नवीन टाकली.' नवीन बेअरिंग दोन महिन्यांत असं रडतं?

५ फेब्रु.
आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉ.ना सांगितलं. कागदातून मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, जुनी गाडी आहे, आवाज करणारच." वर्कशॉपला पत्र लिहा म्हटलं. "बघू." हे डॉ.चं आवडतं औषध. सगळ्या रोगांवर देतात.
माणूस वाईट नाही. पण बदलीच्या भीतीने अर्धा झालाय.

९ फेब्रु.
दादांनी स्वतःच शोध लावायला घेतलाय. आधी पुढची टायरं मागे, मागची पुढे. आवाज होता तिथेच. "टायरचा आवाज सडक बदलली का बदलतो. यो नाय बदलत."
मग शाळेच्या मैदानात गोल गोल. स्टिअरिंग पूर्ण वळवून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. फोर-व्हीलचा दांडा टाकून, मग काढून. वळताना कट कट आली असती तर आतल्या सांध्याचा दोष, म्हणे. ती नाही आली. फक्त डावीकडे वळताना घूं घूं वाढते, उजवीकडे वळताना कमी होते. डावीकडे वळलं की गाडीचा भार उजव्या चाकावर पडतो. म्हणजे रोग कुठे आहे ते आंधळ्यालाही कळावं. मला कळलं.
हेडमास्तर खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं मी गाडी शिकतेय.

११ फेब्रु.
पनवेलहून आल्या आल्या दोन्ही पुढच्या चाकांच्या हबला हात लावला, म्हणजे मधला तो लोखंडी गोळा. डावा कोमट. उजव्यावर हात ठेववेना. एवढा ताप माणसाला असता तर मी डॉ.ना जेवणावरून उठवलं असतं.

१२ फेब्रु.
आज पूर्ण तपासणी. दादांनी उजवं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं. खट खट. मग मला आत बसवून ब्रेक दाबायला लावला आणि परत हलवलं. खट खट बंद. ब्रेक दाबूनही हललं असतं तर दोष चाकामागच्या खिळ्याचा, किंगपिनचा. ब्रेकने थांबलं म्हणजे बेअरिंग सैल. किती साधं. हे कुणी मला नर्सिंगला का शिकवलं नाही.
आवाज ऐकायला ते स्क्रूड्रायव्हर लोखंडाला टेकवून मूठ कानाशी नेत होते. मी म्हटलं थांबा, आणि स्टेथोस्कोप आणला. चाकामागच्या, न फिरणाऱ्या लोखंडावर टेकवला. दादांनी चाक हाताने फिरवलं. डावीकडे नुसतं सुं सुं. उजवीकडे खरखर, आणि दर फेरीला एकाच जागी टक. न्यूमोनियाच्या छातीत ऐकते तशी खरखर. दादांनाही कानाला लावून दिला. बराच वेळ ऐकत बसले. म्हणाले, "घान जालंय आत."
उघडायची परवानगी नाही. सरकारी गाडीचं चाक ड्रायव्हरने उघडलं तर त्याच्यावरच.

१३ फेब्रु.
डॉ.च्या नावे लेखी अहवाल दिला. कधी, कुठे, कसा आवाज, किती ताप, ब्रेकची परीक्षा, सगळं. शेवटी: 'हे वाहन पेशंट नेण्यास धोक्याचे आहे.' कार्बन कॉपीवर आवकचा शिक्का मारून घेतला. कारकून हसला. हसू दे.

१८ फेब्रु.
जीप अखेर वर्कशॉपला. (यापुढे व.शॉ. एवढं लांब नाव लिहायची त्यांची लायकी नाही.) जाण्याआधी दादांनी एक केलं. हबच्या टोपीवर आणि तिच्या बोल्टांवरून मिळून एक रेघ मारली, माझ्या बाटलीतल्या जेन्शन व्हायोलेटने. "बोल्ट फिरला का रेघ मोडल."

२० फेब्रु.
जीप परत. शेरा: 'तपासले. दोष आढळला नाही. वाहन सुस्थितीत.' टोपीच्या कडेने ताजं ग्रीस फासलंय, शेंगदाण्याच्या लाडवावर तूप लावावं तसं. कापसाने पुसलं. जांभळी रेघ जशीच्या तशी.
अंगाचा तिळपापड झाला. न उघडता तपासलं? मी पोटाला हात न लावता 'मूल सरळ आहे' लिहिलं तर चालेल का?

२२ फेब्रु.
अर्धी रजा टाकून दादांबरोबर व.शॉ.त गेले. फोरमनला रेघेचं सांगितलं. त्याने मला खुर्ची दिली नाही, चहा मात्र स्वतः पीत राहिला.
"बाई, तुम्ही बाळंतपणं करा. गाड्यांचं आम्ही बघतो."
मी म्हटलं, बाळंतपणाला तुमचीच गाडी लागते.
मग दादांना, "आणि तू, हबला हात लावलास तर नोकरी जाईल, सांगून ठेवतो."
येताना बसमध्ये दादा एवढंच म्हणाले, "शेती नव्या शहरात गेली. आता ही नोकरी हाय, बाय." त्यांना पुढे बोलायला लावायचं धाडस नाही झालं. मी भांडते आणि भोगणार ते, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

२५ फेब्रु.
अमावास्येचं उधाण. दुपारी खाडीचं पाणी बांधावरच्या रस्त्यावर. फोर-व्हील टाकून गेलो, पुढची चाकं अर्धी बुडाली. दादा पाण्याआधी दहा मिनिटं गाडी उभी करून ठेवतात. कारण विचारलं. तापलेलं चाक थंड पाण्यात गेलं की आतली हवा आखडते आणि पाणी आत खेचलं जातं. सील चांगलं असेल तर अडतं. आमचं सील 'डिसेंबरात नवीन' आहे.

९ मार्च
होळी. दादांच्या घरून पोळ्या आल्या. त्यांच्या बायकोने विचारलं, "गाडीचं काय जालं?" तिलाही झोप नाही.
आवाज आता पंचवीसच्या वर गेलं की घूं घूं नाही, किरकिर. दादा पंचवीसच्या वर जातच नाहीत. दुसरं पत्र दिलं. "बघू."

११ मार्च, गुरु.
आज लिहवत नाही. लिहिलं पाहिजे.
सकाळी न्हाव्याहून निरोप. सुमन, वीस वर्षांची, पहिलटकरीण. पहाटेपासून कळा. जाऊन तपासलं. मूल आडवं. इथे होणार नाही, पनवेलला ऑपरेशनच. बाळाचे ठोके १४०, चांगले. सुमन, तिची सासू आणि मी मागे. साडेदहाला निघालो. भरतीच्या आधी बांध पार करायचा होता.
बांध संपता संपता जळका वास. गाडी उजवीकडे ओढायला लागली. दादांनी वेग आणखी कमी केला, सायकलवाला पुढे गेला. मग चाकातून धूर. मग किंचाळल्यासारखा आवाज, आणि उजवं चाक जाम. गाडी कलून थांबली. पुढे ढकलता येईना, मागे येईना.
त्या रस्त्यावर पन्नास मिनिटं. दादा पळत हमरस्त्यापर्यंत गेले. ठोके १३०. मग ११०. सुमन मला विचारतेय, "सिस्टर, गाडी का थांबली?" काय सांगू. दादा दगडाचा ट्रक घेऊन आले. केबिनमध्ये तिला आडवी केली, सासूच्या मांडीवर डोकं. मी पायांपाशी गुडघ्यांवर. ठोके ९०. ७०. हॉस्पिटलच्या फाटकात मला सापडेनात. नीट लागत नसेल म्हणून तीन वेळा जागा बदलली.
सुमन वाचली. मुलगी होती.

१२ मार्च
हॉस्पिटलची डॉक्टरीण म्हणाली, अर्धा तास आधी आणली असती तर. तिचं बरोबर आहे. ती मला दोष देत नव्हती.
मीच अहवालात लिहिलं होतं, पेशंट नेण्यास धोक्याचे. आणि मीच त्या गाडीत तिला बसवलं. दुसरी गाडी नव्हती, हे खरं. तरीही.

१५ मार्च
जीप ओढून केंद्राच्या आवारात आणलीय. व.शॉ.ने ती लगेच पाठवून द्या म्हणून निरोप धाडला. मी डॉ.समोर उभी राहिले. इथेच उघडायची, तुमच्यासमोर, पंचनामा करून. मला वाटलं 'बघू' म्हणतील. डॉ. सुमनला पनवेलच्या वॉर्डात बघून आले होते. म्हणाले, "बोलवा मिस्त्रीला."
पनवेलचे करीममिस्त्री, डंपर दुरुस्त करणारे. टोपी काढली, नट सोडवले, हब काही निघेना. पाऊण तास हातोडी. निघालं तेव्हा आतलं बेअरिंग भाजून, निळं पडून दांड्यालाच चिकटलेलं. त्याची जाळी फुटून तुकडे. ग्रीस म्हणायला दुधाळ चहा, चिखल मिसळलेला. बाहेरच्या बेअरिंगचे रोळ खाडीच्या मिठाने खाल्लेले, देवीचे व्रण असावेत तसे. सील कडक, एका बाजूने फाटलेलं.
मी लॉगबुक दाखवलं, डिसेंबरात नवीन. मिस्त्रींनी बेअरिंग रॉकेलने धुतलं, उन्हात फिरवून बघितलं. "सिस्टर, ये नया? ये तो मेरे साथ का है." मग डावं चाकही उघडलं. तेही तितकंच जुनं, फक्त अजून गेलं नव्हतं. "दोनों का कभी डाला ही नहीं किसीने."
मग ती नवी बेअरिंग कुणाच्या गाडीत फिरतायत?
पंचनाम्यावर डॉ.ची सही, मिस्त्रींची, माझी. डॉ.नी दोनदा वाचला, मग सही केली. बाहेरचं बेअरिंग आणि सीलचा तुकडा मी गॉजमध्ये गुंडाळून ठेवला. दुपारी व.शॉ.ची गाडी आली आणि जीप लॉगबुकासकट घेऊन गेली.

२२ मार्च
मेमो आला. नामदेवदादांना. 'वाहन भरधाव व निष्काळजीपणे चालवून शासकीय वाहनाचे नुकसान केले.' तात्पुरते कामावरून दूर. चौकशी होईपर्यंत.
भरधाव. सायकल पुढे गेली होती.
खाली आणखी एक वाक्य: 'सदर वाहनाबाबत पूर्वी कोणतीही तक्रार प्राप्त नाही.' माझ्या दोन पत्रांचं काय झालं? कारकून म्हणतो, आवक रजिस्टरची फेब्रुवारी-मार्चची पानं भिजली. या दिवसांत कुठला पाऊस? माझी कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. त्याला सांगितलं नाही.

२३ मार्च
आज मला बोलावून एक कागद पुढे ठेवला. टाईप केलेला. 'मी गाडीत बसले असता चालक वेगात होता व सूचना देऊनही ऐकत नव्हता.' खाली माझं नाव, सहीसाठी जागा. आणणारा इसम वरच्या कार्यालयातला. गोड बोलला. "सिस्टर, तुमच्यावर काही येणार नाही. उलट तुम्ही मूल वाचवायचा प्रयत्न केलात असं लिहू."
त्या गेलेल्या मुलीचं निमित्त करून मला चॉकलेट देत होता.
सही केली नाही. कागद परत दिला. दुपारची सर्व इंजेक्शनं दुसऱ्या नर्सला द्यायला सांगितली.

२५ मार्च
दादांच्या घरी गेले. अंगणात बसून जाळं विणत होते. म्हणाले, भावाबरोबर खाडीत जातो आता. मी कागदाचं सांगितलं. जाळ्याची गाठ ओढत म्हणाले, "तुमी सही केली असती तरी मी काय बोललो नसतो. तुमालाबी पोर हाय."
राग आला. त्यांचा नाही. माणसाला इतकं समजूतदार व्हायला लावतात त्याचा.

२ एप्रिल
सुमन आली. टाके बघायला, असं सांगून. टाके बरे आहेत. सासू बाहेर थांबली. सुमन खाटेवर बसून म्हणाली,
"सिस्टर, दादांवर केस जाली?"
केस नाही, चौकशी म्हटलं.
"ते म्हनतात गाडी पळवली?"
होय.
"मी मागं पडून सगलं ऐकत होते. चाक रडत होता. दादा म्हनत होते, पोरी, हलू नेतो, घाबरू नको. हलू नेतो, हलू नेतो. सगला वेळ." मग म्हणाली, "मना कोनी इचारलं नाय."
कुणीच विचारलं नव्हतं. मी सुद्धा नाही. लाज वाटली.
म्हटलं, सांगशील का साहेबांपुढे? तिने दाराबाहेर सासूकडे बघितलं. सासू आत आली. मला वाटलं नाही म्हणेल. म्हणाली, "मी पन येनार. मांडी माजी होती."

७ एप्रिल
चौकशी. अकराची वेळ. सुमन, सासू, दादा, मी, चौघं बाकावर. साहेब आले नाहीत. बारा. एक. शिपाई म्हणाला, साहेब जेवायला गेले, तुम्ही सोमवारी या. सुमनला अजून धड बसवत नाही. तीच म्हणाली, "मी सोमवारी कशी येऊ? आज आलेय तर आज सांगते." उठली नाही. आम्हीही नाही.
तीनला साहेब आले. आधी फोरमनला आत घेतलं, वीस मिनिटं. हसण्याचा आवाज. मग आम्हाला.
मी कार्बन कॉपी ठेवली, शिक्क्यासह. पंचनामा ठेवला. गॉज सोडून बेअरिंग टेबलावर ठेवलं. साहेबांनी बोटाने फिरवलं. फिरेना. परत फिरवलं. हाताला गंज लागला, तो रुमालाने पुसला.
फोरमन म्हणाला, "हे त्याच गाडीचं कशावरून?"
डॉ.ना बोलावलं होतं. ते बसले होते कोपऱ्यात. साहेबांनी विचारलं, तुमच्यासमोर काढलं? मी डॉ.कडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर ते विरघळले असते. ते म्हणाले, "माझ्यासमोर. सही माझी आहे." एवढंच. पण बोलले.
मग सुमन. उभी राहून सांगितलं, बसायला सांगितलं तरी. कुठेही आवाज चढवला नाही. 'हलू नेतो' सांगताना दादांनी तोंड भिंतीकडे केलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. मी म्हटलं, साहेब, हे लिहून घ्या. त्यांना ते आवडलं नाही. पण घेतलं.
निर्णय? "कळवू." बेअरिंग परत गॉजमध्ये गुंडाळून आणलं.

१३ एप्रिल
कळवलं. मला.
'आपण शासकीय वाहनाचा सुटा भाग (बेअरिंग १ नग) व सीलचा तुकडा कोणाच्या परवानगीने स्वतःजवळ बाळगला, याचा खुलासा चोवीस तासांत करावा. सदर भाग त्वरित वर्कशॉपकडे जमा करावा.'
तीनदा वाचलं. एक मुलगी गेली, तिच्याविषयी एक अक्षर नाही. डिसेंबरची नवी बेअरिंग कुठे गेली, अक्षर नाही. दादांचा मेमो मागे घेतला का, अक्षर नाही. ते अजून खाडीतच. मात्र गंजलेला लोखंडाचा तुकडा माझ्याकडे आहे, तो सरकारला परत हवाय. इतके दिवस त्याच लोखंडाकडे बघा म्हणून मी ओरडत होते तेव्हा कुणाला नको होता.
मुदत नेमकी उद्या संपते, चौदाला. जयंतीला महाडकडे गावी जायचं ठरलं होतं. आई वाट बघेल. रजेचा अर्ज 'चौकशी प्रलंबित' म्हणून परत आलाय.
डॉ. दुपारी येऊन उभे राहिले. "सिस्टर, देऊन टाका ते. प्रकरण मिटेल." कुणाचं मिटेल, विचारलं. जाता जाता म्हणाले, नवी जीप मिळणार नाही, तीच दुरुस्त होऊन शुक्रवारी येतेय. रंग दिलाय म्हणे.
खुलासा लिहायला घेतलाय. बेअरिंग माझ्याकडे आहे, हे लिहिते. परवानगी कुणाची, तर सुमनची, हेही लिहिते. कुठे ठेवलंय ते लिहिणार नाही.